बोअर दम सोडायलाय, हातात अडीच लाख आहेत. दुसरा बोअर मारू का शेततळं करू?

धारूरचा_डोंगर

नमस्कार मंडळी. आमचं रान धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर, साडेचार एकर. त्यातली खालची दोन एकर बऱ्यापैकी काळी, वरची सगळी मुरमाड, हात-दीड हात माती की लगेच मुरूम लागतो. एक जुनी विहीर आहे ५० फुटाची, ती संक्रांतीपर्यंत साथ देते. आणि एक बोअर ३५० फूट, २०१५ ला मारलेला, तेव्हा दोन इंची पाणी लागलं होतं, पेढे वाटले होते गल्लीत. आता मोटार चालू केली की पाऊण तास धार चांगली, मग गुळण्या टाकतो, मग दोन-अडीच तास बंद ठेवल्याशिवाय पाणी येत नाही.

गंमत बघा, २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडं एवढा पाऊस झाला की धुरे फुटले, खालच्या पट्टीतली माती खरडून गेली, सोयाबीन उभं सडलं. तेव्हा रानात पाणी मावत नव्हतं आणि आता मार्चात हंडाभर पाण्यासाठी स्टार्टरजवळ बसायलोय.

घरात सध्या रोज पंचायत. आप्पा म्हणायलेत ७०० फुटाचा बोअर घेऊ, पाणाड्याला बोलवून पॉइंट पण काढलाय, त्यानं तळहातावर नारळ उभा करून दाखवला आणि आप्पांना पटलं. मला वाटतंय शेततळं करावं, अनुदान पण मिळतंय म्हणे. मेव्हणा म्हणतो दोन्ही नको, ड्रीप टाक. पीक म्हणाल तर सोयाबीन-तूर, रब्बीला हरभरा नाहीतर ज्वारी, आणि एक एकर ऊस आहे, तो आप्पांचा, त्यावर बोलायची घरात सोय नाही. अडीच लाख आहेत, सोसायटीचं कर्ज अजून काढायचं नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, खरंच काही सुचेना झालंय.

मांजराकाठ

धारूरकर, मी केजचा. वय ५८. बोअरच्या बाबतीत माझ्याइतका अनुभवी माणूस तुम्हाला मिळणार नाही कारण मी पाच मारलेत. पहिला १८० फुटाला लागला, सात वर्षं चालला. तो आटला तेव्हा दुसरा ३२०. तिसरा ४५० ला कोरडा. चौथ्याला ५०० वर थोडी ओल आली, मोटार टाकली, दीड वर्षात तिनंही राम म्हटलं. पाचवा ८२० फूट, २०१९ चा उन्हाळा, रात्रभर गाडी चालली, मी बाजेवर बसून होतो, सकाळपर्यंत नुसता फुफाटा उडत होता. बायकोच्या पाटल्या त्या फुफाट्यात गेल्या, आजही ती गाडीचा आवाज आला की उठून आत जाते.

आपल्या मराठवाड्याच्या खाली सगळा काळा पाषाण आहे, लाव्हाचे थरावर थर. त्या खडकाला पोट नसतं. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये. जेवढं खाली जाल तेवढ्या भेगा कमी आणि बारीक. लागली भेग तर लागली. आणि लागली तरी तिच्यातलं पाणी लई जुनं असतं, एकदा उपसलं की ती एका पावसाळ्यात भरून येत नाही. तुमचा पाऊण तास चालतो आणि मग अडीच तास थांबावं लागतं, त्याचा अर्थच हा की भेगेत पाणी येण्याचा वेग कमी झालाय. आता शेजारी ७०० वर गेलात आणि वरची भेग तीच लागली तर जुना बोअर नवीनमध्ये रिकामा होईल, बस्स.

अजून एक. २००९ चा भूजल कायदा आहे, त्यात ६० मीटरच्या खाली गेली की ती खोल विहीर. अधिसूचित भागात शेतीसाठी तेवढं खाली जायचंच नाही. पण बोअरच्या गाडीवाल्याला आजपर्यंत कुणी अडवलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि खाली जाईल तसा फुटाचा रेट वाढतो हे तो आधी सांगत नाही, ३०० च्या पुढं गेल्यावर सांगतो, तेव्हा थांब म्हणायची तुमची छाती होत नाही.

कयाधू_पट्टा

एवढं घाबरवू नका हो त्यांना. आमच्या हिंगोलीकडं माझा ६५० ला लागला, चार वर्षं झाली, हळद मजेत चाललीय. नशिबाचा भाग असतो. आप्पांचं मन मोडू नका, मारून टाका.

मांजराकाठ

@कयाधू_पट्टा तुमचा लागला म्हणून तुम्ही लिहायलात. ज्यांचा कोरडा गेला ते इथं लिहीत नाहीत, ते पुण्याला वॉचमन आहेत.

जालना_अंबड_रोड

शेततळ्याबद्दल मी बोलतो, कारण माझ्याकडं दोन आहेत आणि त्यातलं एक मी चुकीचं केलंय.

पहिलं डोक्यात पक्कं करा की शेततळं म्हणजे भांडं आहे. त्यात पाणी कुठून येणार ते आधी ठरवा, मग जेसीबी बोलवा. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असं नेहमीच्या मापाचं तळं, उतार १ ला १ धरला तर त्यात साधारण २२ लाख लिटर मावतं. ऐकायला लई वाटतं. आता मी पहिल्या तळ्याला काय केलं, तर पन्नी टाकली, ५०० मायक्रॉनची, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात बोअर चालवून ते भरलं. सगळेच तसं करत होते. म्हणजे जमिनीखाली सावलीत झाकून ठेवलेलं पाणी मी लाईट जाळून वर काढलं आणि उन्हात वाळत घातलं. आमच्याकडं एप्रिल-मेत तळ्याचं पाणी रोज एक सेंटीमीटर तरी उडतं. ९०० चौरस मीटरवर एक सेंटीमीटर म्हणजे ९ हजार लिटर, रोज, कुणाच्याही पिकाला न मिळता. फेब्रुवारी ते मेअखेर हिशेब लावला तर मीटरभर पाणी सूर्यानंच पिलं, तळ्याचा तिसरा हिस्सा. आणि वरून दिवाळीपर्यंत शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी खाली गेलं ते वेगळं, त्यांनी दोन वर्षं बोलणं सोडलं होतं, बरोबरच होतं त्यांचं.

दुसरं तळं ओढ्याच्या कडेला घेतलं, पावसाळ्यात ओढा वाहतो तेव्हा त्याचं वाया जाणारं पाणी उचलायचं, बोअरला हात लावायचा नाही. ते पाणी मी उन्हाळ्यासाठी राखतच नाही. ऑगस्टात पावसाचा खंड पडतो ना, सोयाबीनच्या शेंगा भरायच्या टायमाला, तेव्हा तुषारनं एक पाणी द्यायचं. एकराला ५० मिमी दिलं तर २ लाख लिटर लागतं. म्हणजे एका तळ्यात दहा एकराचं एक पाणी, नाहीतर पाच एकराची दोन. एक सोयाबीनला, एक हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी. असं वापरलं की तळं परवडतं. तळ्याच्या भरवशावर मोसंबीचा उन्हाळा काढायचा असला तर २०१२-१३ आठवा, आमच्या जालन्यात लोकांनी उभ्या बागा कुऱ्हाडीनं तोडल्या होत्या.

आमच्याकडं कडवंची गावाचं नाव सगळे घेतात, तळी आणि द्राक्षं बघायला गाड्या भरून लोक येतात. पण तळी नंतर आली हे कुणी बघत नाही. आधी नव्वदच्या दशकात इंडो-जर्मन पाणलोटाचं काम झालं, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र सोबत होतं, माथ्यापासून खाली चर, बांध, नाल्यांना अडवणं. पाणी आधी डोंगरावर थांबवलं. तुम्ही तर डोंगराच्या उतारावरच आहात राव.

आणि तळं कराल तर तारेचं कुंपण आणि आतून गाठी मारलेला दोर पहिल्या दिवशी. पन्नीवरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. हे अनुदानाच्या फॉर्मसाठी सांगत नाही.

परभणी_ॲग्री_०९

मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलोय, सध्या घरची शेतीच करतो, त्यामुळं पुस्तकी वाटलं तर सांभाळून घ्या.

दादा तुम्ही बोअर, तळं, ड्रीप असं विचारलंत, पण तुमच्याकडं पाणी किती आहे हा आकडा कुठंच नाही. दोन इंची, गुळण्या, पाऊण तास यावरून काही ठरत नाही. उद्या सकाळी २०० लिटरचा बॅरल ठेवा, मोबाईलवर घड्याळ लावा, किती मिनिटात भरतो बघा. मग दिवसातून असे किती पाऊण तास मिळतात ते बघा. तेवढं लिहून टाका इथं.

ड्रीपबद्दल मेव्हण्यांचं बरोबर आहे पण अर्धं. चार फुटावर नळी, ४० सेंमीवर ४ लिटरचा ड्रीपर असं टाकलं तर एकरात साडेआठ हजाराच्या आसपास ड्रीपर बसतात, म्हणजे तासाला ३३-३४ हजार लिटर पाणी पाहिजे. तुमचा बोअर ते कुठून देणार. प्रेशर येत नाही, पहिल्या ओळीला पाणी, शेवटच्या ओळीला थेंब, मग लोक म्हणतात ड्रीप फेल आहे आणि गुंडाळून धुऱ्यावर टाकून देतात. कमी पाण्याच्या बोअरवर २ लिटरचे ड्रीपर घ्या, पाच-पाच गुंठ्याचे व्हॉल्व्ह करा, आणि मधी २५-३० हजार लिटरचा छोटा हौद नाहीतर खड्डा करून पन्नी. बोअर हळूहळू हौद भरील, हौदातून जोरात ड्रीप चालेल.

आता पावसाचं. तुमच्याकडं सरासरी ७०० मिमी धरा. एका एकरावर ७०० मिमी म्हणजे २८ लाख लिटर. साडेचार एकरावर सव्वा कोटी लिटर पाणी दरसाल तुमच्या सातबाऱ्यावर पडतं. त्यातलं चौथाई वाहून जातं असं जरी धरलं, उतारावर जास्तच जात असेल, तर ३० लाखाच्या वर झालं. एक भरलेलं शेततळं आणि वर उरेल इतकं पाणी तुम्ही ओढ्याला दान करताय आणि सोबत मातीपण.

म्हणून माझं मत, पहिला पैसा रिचार्जला, म्हणजे पावसाचं पाणी बोअरवाटे जमिनीत मुरवायला. बोअरभोवती सहा बाय सहा फूट, आठ-दहा फूट खोल खड्डा घ्या. त्या खोलीतल्या केसिंगला, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातल्या पाईपला, बारीक छिद्रं मारा, त्यावर नायलॉनची जाळी गुंडाळा आणि वरून काथ्या घट्ट बांधा. खाली मोठे दगड, त्यावर लहान गोटे, मग खडी, वरती वाळू. केसिंगचं तोंड जमिनीच्या दोन फूट वर आणि झाकण लावलेलं. ओढ्याचं किंवा रानाचं पाणी थेट त्यात सोडायचं नाही, अलीकडं एक गाळाचा खड्डा करायचा, तिथं माती बसली की वरचं निवळ पाणी जाऊ द्यायचं. दरवर्षी मृगाच्या आधी वरची वाळू काढून धुवायची, नाहीतर दोन वर्षांत चिखलानं बुच्च. आणि नुकतं युरिया-तणनाशक मारलेल्या रानाचं पाणी बोअरमध्ये घालू नका, तेच पाणी तुम्ही पिता.

मांजराकाठ

@परभणी_ॲग्री_०९ सगळं बरोबर, पण एक सांगायचं राहिलं तुमचं. रिचार्ज केलेलं पाणी याच्याच बोअरला लागेल याची गॅरंटी नाही. भेग कुठं जाते कुणाला माहीत. मी केलं तेव्हा पहिल्या वर्षी माझ्यापेक्षा खालच्या पाटलाच्या विहिरीला जास्त फरक पडला. तो मला भेटला की हसतो अजून. तरी मी करतोच दरवर्षी.

धारूरचा_डोंगर

मंडळी लई धन्यवाद. बॅरल लावला. साडेतीन मिनिटात २०० लिटर. म्हणजे तासाला ३४०० च्या आसपास. पण चालतो पाऊणच तास, त्यात अडीच हजार लिटर निघतं. आठ तासाच्या लाईटमधी असे तीन वेळा, म्हणजे दिवसाला सात-साडेसात हजार लिटर, बास. मी दोनदा मोजलं, दुसऱ्या दिवशी आप्पा पण शेजारी येऊन उभे राहिले, बोलले काही नाहीत.

मग मी उसाचा हिशेब काढला. एप्रिल-मेत एक एकर उसाला ड्रीपनं जरी दिलं तरी दिवसाला २५-३० हजार लिटर लागतं असं कळालं. आपल्याकडं सात. म्हणजे सगळा बोअर उसाला लावला तरी चौथाई तहान भागायलीय. आम्ही तर मोकळं पाणी सोडतो पाटानं! आता कळालं की वरच्या दोन ओळीत ऊस गुडघ्याला आणि खाली करंगळीएवढा का असतोय.

लातूरची_ताई

दादा, ऊस बंद करा असं तुमच्या आप्पांना कुणी तोंडावर म्हणू नका, म्हणून होत नाही. माझ्या सासऱ्यांना आम्ही तीन वर्षं म्हणत होतो. ते म्हणायचे की सोयाबीनचा भाव कोण ठरवतं, तुरीचा कोण ठरवतं, उसाला निदान एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव आहे, गाडी बांधावर येते, पैसे उशिरा का होईना खात्यात पडतात. आणि त्यांचं खोटं नव्हतं. जो माणूस तुरीचं पोतं घेऊन मोंढ्यात दिवसभर बसून परत आलाय त्याला ऊस का आवडतो ते बसल्याशिवाय कळत नाही. मोकळ्या पाण्यावर एक एकर ऊस वर्षाला ८० लाख लिटर पितो हा हिशेब सांगून सासऱ्यांना काही फरक पडला नाही.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर, आणि लोक इंजिनाला हार घालत होते. मी तेव्हा शहरात भाड्यानं राहत होते, आठ-दहा दिवसांनी महानगरपालिकेचं पाणी, घागरींची रांग पहाटे तीनला लावायची. आणि त्याच वर्षी गावाकडं आमच्या रानात ऊस उभा होता, पिवळा पडलेला पण उभा. सासरे शहरात आले, माझ्याबरोबर रांगेत उभे राहिले एक दिवस, दोन घागरी मिळाल्या. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत, पुढच्या हंगामात खोडवा, म्हणजे तोडणीनंतर परत फुटलेला ऊस, मोडला. तो हिशेबानं मोडला नाही, रांगेनं मोडला.

आता आमच्याकडं असं आहे. दहा गुंठे ऊस ठेवलाय, ड्रीपवर, रस आणि बेण्यासाठी, त्यांच्या मनासाठी. बाकी सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि दोन्हीकडून सरी. ज्या वर्षी जास्त पाऊस झाला त्या वर्षी सरीतून पाणी निघून गेलं, आमचं सोयाबीन शेजाऱ्यापेक्षा बरं राहिलं, आणि खंड पडला तेव्हा त्याच सरीत मुरलेली ओल उपयोगी आली. यंत्र गावात एकच आहे, पेरणीच्या टायमाला नंबर लागत नाही म्हणून भांडणं होतात, आधीच सांगून ठेवा. सरी उताराला आडवी पडली पाहिजे, ट्रॅक्टरवाला त्याच्या सोयीनं उभी मारून जातो, समोर उभं राहावं लागतं. दरवर्षी मीच उभी राहते, माझा नवरा लाजतो सांगायला.

आणि वरच्या मुरमाड रानात सीताफळ का नाही लावत हो? तुमच्या बालाघाटाचं आहे ते, बीडच्या सीताफळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. उन्हाळ्यात पान गाळून झोपतं ते झाड, तेव्हा पाणी मागत पण नाही. आम्ही लातूरला विकत घेऊन खातो, तुमच्या तिथं धुऱ्यावर आपोआप उगवतंय.

कयाधू_पट्टा

ताई बरोबर बोलल्या. मी आपलं बोअरचं मागं घेत नाही पण आप्पांना पटवायची आयडिया चांगली आहे, बॅरल लावून बाजूला उभं करायचं.

जालना_अंबड_रोड

सीताफळ बरोबर आहे पण मार्केट बघून. झाडावरून उतरवलं की तीन-चार दिवसांत मऊ पडतं, वाशीला पाठवायला गाडी नाही मिळाली की घरच्यांनी खायचं. दोन एकर एकदम लावू नका.

धारूरचा_डोंगर

काल रात्री जेवताना बैठक झाली. जे ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर आत्ताच सांगा, मृगाला अजून वेळ आहे.

नवीन बोअर यंदा नाही. आप्पा "यंदा" या शब्दावर अडून बसलेत, राहू द्या. पहिलं काम वरच्या मुरमाडात उताराला आडवे चर आणि फुटलेले धुरे नीट करणं, त्याला जेसीबीचे दहा-बारा तास लागतील असं गाडीवाला म्हणाला. दुसरं, बोअर आणि विहीर दोन्हीचा रिचार्ज, विहिरीला पण गाळाच्या खड्ड्यातूनच. तिसरं, हौद, आणि त्यावर काळ्या रानातल्या एक एकराला २ लिटरची ड्रीप. ऊस यावर्षी तुटला की खोडवा ठेवायचा का मोडायचा यावर आप्पा म्हणाले "बघू". आमच्या घरात "बघू" म्हणजे निम्मं हो असतं. सीताफळ अर्धा एकर, चर खोदतील त्याच्या खालच्या अंगाला. शेततळं पुढच्या वर्षी, तेही ओढ्याला पाणी किती दिवस वाहतंय हे या पावसाळ्यात मोजून.

पाणाड्या परवा परत आला होता, ॲडव्हान्स मागायला. आप्पांनी त्याला चहा पाजला, बॅरलजवळ नेला, आणि विचारलं की यात किती मिनिटात भरंल ते नारळाला विचारून सांग.

एक शेवटचं विचारायचं होतं. केसिंग आमचं पीव्हीसीचं आहे, छिद्रं कितीची मारायची? आणि मोटार आत असताना मारली तर चालतंय का?

परभणी_ॲग्री_०९

५ एमएमचं बिट घ्या, आडवी-उभी तिरपी करत, एका रेषेत नको, पाईप चिरतो. मोटार आधी वर काढा, केबल त्याच अंगाला असते, ड्रिल आत गेलं की केबल गेली. आणि काढलीच आहे मोटार तर दोरीला दगड बांधून पाणी किती फुटावर आहे ते मोजून घ्या, तारीख घालून भिंतीवर लिहून ठेवा. दिवाळीला परत मोजा आणि इथं टाका.

मांजराकाठ

आणि खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीचं पण मोजा. तुम्हाला नाही तर त्याला कळंल.